डबे, पाइप, पट्ट्या आणि सूर: घरी बनवलेल्या वाद्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डबा बडवला की ते वाद्य झालं का?

एकदा काढलेला आवाज दुसऱ्यांदा हवा तेव्हा काढता आला, की झालं. तोच ठोका, तीच जागा, तोच आवाज. त्यात सूर असलाच पाहिजे असं मुळीच नाही. खुळखुळ्याला कुठला सूर असतो? पण आवाज तुमच्या ताब्यात हवा. नाहीतर तो नुसता दणदणाट.

नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तत म्हणजे तारेची, सुषिर म्हणजे फुंकीची, अवनद्ध म्हणजे मढवलेली आणि घन म्हणजे ज्यांचं अंगच वाजतं ती. पुढे १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि साक्स या दोघांनी जगभरच्या वाद्यांची वर्गवारी मांडली, तिचे मुख्य खणही हेच चार. घरी वाद्य करणाऱ्याला ही विभागणी फार कामाची आहे, कारण स्वर चढवण्या-उतरवण्याची युक्ती प्रत्येक वर्गात वेगळी असते. पाइपाचा नियम लाकडी पट्टीला लावला की हमखास बेसूर.

सुरुवात कुठून करावी?

घन वाद्यापासून. खुंट्या नाहीत, फुंक मारायला शिकणं नाही, मढवणं नाही. हाताला लागेल ती वस्तू घ्या: लोखंडी पाइपाचा तुकडा, फरशीचा तुकडा, जाड लाकडी पट्टी, मोठा पाना, भांड्याचं झाकण. ती मुठीत घट्ट धरून ठोका. आता तिलाच दोऱ्याने लोंबकळत ठेवून ठोका. पहिल्यांदा ‘ठक’ म्हणणारा पाना दुसऱ्यांदा घंटेसारखा वाजतो.

घरगुती वाद्यातली निम्मी विद्या या एका प्रयोगात आहे. वस्तू वाजत नाही म्हणून लोक ती टाकून देतात, साहित्य बदलतात, महागडं लाकूड आणतात. बहुतेक वेळा साहित्यात काही खोट नसते, ते चुकीच्या जागी धरलेलं असतं. थरथरणाऱ्या जागेवर बोट, खिळा, डिंक किंवा टेबल टेकलं की आवाज तिथेच मरतो.

मग बरोबर जागा कोणती? ती कशी शोधायची?

दोन्ही टोकं मोकळी असलेली एकसारख्या जाडीची पट्टी किंवा पाइप वाजताना मधोमध आणि दोन्ही टोकांना सर्वांत जास्त हलतो. मधे दोन ठिकाणी तो जवळजवळ स्थिर असतो. ही ठिकाणं प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर येतात. ३० सेंटिमीटरच्या पट्टीला टोकापासून साधारण ६.७ सेंटिमीटरवर.

गणित नको असेल तर मीठ घ्या. पट्टी स्पंजाच्या दोन तुकड्यांवर अंदाजे ठेवा, वर बारीक मीठ भुरभुरा आणि मधोमध हलके ठोके देत राहा. पहिल्या काही ठोक्यांत दाणे नुसते उड्या मारतात. मग मधले दाणे दोन बाजूंना सरकतात, टोकाकडचे आत येतात आणि पट्टीवर आडव्या दोन पांढऱ्या रेघा उमटतात. त्या रेघांवर पेन्सिलीने खूण करा. भोक पाडायचं ते तिथेच, आधार द्यायचा तोही तिथेच. पट्टी एकीकडे जाड, एकीकडे बारीक असेल तर २२.४ टक्क्यांचा हिशेब चुकतो, मिठाचा चुकत नाही.

आधाराला दोरी, फोम, दार-खिडकीच्या फटींना लावतात ती रबरी पट्टी, असलं काहीही मऊ चालतं. खिळा ठोकणार असाल तर भोक खिळ्यापेक्षा मोठं ठेवा आणि मधे रबरी वॉशर घाला. स्क्रू आवळून पट्टी बसवणं म्हणजे तिचा गळा आवळणं.

पट्ट्या किती लांबीच्या कापू?

पट्टीची लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक चढेल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो दोन सप्तकं चढतो, कारण इथे स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. एक सप्तक चढवायला लांबी ०.७०७ पट करावी लागते.

एकाच पट्टीतून किंवा एकाच पाइपातून सगळे तुकडे कापणार असाल आणि ३० सेंटिमीटरच्या तुकड्याला सा मानलं, तर पुढचे शुद्ध स्वर असे येतील: रे २८.३, ग २६.८, म २६.०, प २४.५, ध २३.२, नी २१.९ आणि वरचा सा २१.२. आकडे बघा: सा आणि वरच्या सा मध्ये जेमतेम नऊ सेंटिमीटरचा फरक. म्हणून इथे दोन मिलिमीटरची चूकसुद्धा कानाला टोचते. प्रत्येक तुकडा तीन-चार मिलिमीटर जास्तच कापा आणि मग कानशीने घासत स्वरावर आणा.

मूळ ३० सेंटिमीटरचा तुकडा कोणत्या स्वरात बोलेल, हे जाडी आणि साहित्यावर ठरतं. तो हार्मोनियमच्या पांढरी एकशी जुळलाच पाहिजे असा हट्ट एकट्याने वाजवताना तरी नको. जो निघाला तो षड्ज.

जास्त कापलं गेलं आणि स्वर चढला. आता?

घाबरू नका, पट्टी उतरवताही येते. टोकं घासली की वजन कमी होतं आणि स्वर चढतो. मधला भाग खालच्या बाजूने घासला की पट्टी तिथे लवचीक होते आणि स्वर उतरतो. मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यात पट्ट्या खालून कमानीसारख्या कोरलेल्या असतात, त्यामागे ही युक्ती तर आहेच, पण आणखी एक कारण आहे. साध्या सपाट पट्टीत मूळ स्वराबरोबर जो दुसरा स्वर निघतो, तो मूळ कंपनसंख्येच्या सुमारे २.७६ पट असतो, म्हणजे कुठल्याच सुरात न बसणारा. कमान कोरून मारिंबा बनवणारे तो बरोबर चौपट करतात, म्हणजे नेमका दोन सप्तकं वरचा. घरी एवढं करायची गरज नाही, पण जाड लाकूड हाती असेल तर एका पट्टीवर करून बघाच. आवाज एकदम गोल होतो.

धातूच्या पाइपाला मधे घासण्यापेक्षा तो वाया गेला असं समजून त्याचा पुढचा स्वर करावा. सगळ्यात लांब तुकड्यापासून कापायला सुरुवात करायची ती यासाठीच.

पाइप फुंकून किंवा थापटून वाजवायचा असेल तर लांबी कशी काढायची?

इथे पाइपाचं अंग वाजत नाही, आतली हवा वाजते. नियम सरळ: लांबी निम्मी, स्वर एक सप्तक वर. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक टोक बंद असलेल्या पाइपात लहरीचा चौथा हिस्सा मावतो, दोन्ही टोकं उघडी असतील तर अर्धा. म्हणून बंद पाइप त्याच लांबीच्या उघड्या पाइपापेक्षा सप्तकभर खाली बोलतो. जागा कमी असेल तर बंद पाइप करा.

पांढरी एकचा मधला सा सुमारे २६२ हर्ट्झचा. त्यासाठी बंद पाइपाची लांबी ३२.८ सेंटिमीटर येते. पण हवा उघड्या टोकाशी लगेच थांबत नाही, थोडी बाहेरही हलते. म्हणून प्रत्येक उघड्या टोकामागे आतल्या व्यासाचा ०.३ पट भाग वजा करावा लागतो. आतला व्यास २ सेंटिमीटर असेल तर ०.६ वजा. मग लांब्या अशा होतात: सा ३२.२, रे २८.५, ग २५.६, म २४.०, प २१.३, ध १९.१, नी १६.९, वरचा सा १५.८ सेंटिमीटर. तळाशी बूच मारा. बूच आतबाहेर सरकवता आलं तर सुराला लावणं फारच सोपं जातं. फुंकताना ओठाने पाइपाच्या तोंडाचा थोडा भाग झाकला जातो आणि स्वर जरा उतरतो, तेव्हा शेवटचं जुळवणं नेहमी वाजवून करायचं, फूटपट्टीने नाही.

मोठ्या पाइपांचा संच चपलेने थापटून वाजवतात, तो प्रकार ऐकायला भलताच दमदार आहे. ५ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा, सुमारे १२८ सेंटिमीटरचा पाइप खर्जातला सा देतो. रबरी चप्पल तोंडावर मारून लगेच उचलायची. दाबून धरली तर तोंड बंद होतं आणि स्वर सप्तकभर खाली जातो. हाही एक जास्तीचा स्वर म्हणून वापरता येतो.

बाटलीत पाणी घातलं की स्वर चढतो की उतरतो?

दोन्ही. फुंकलीत तर चढतो, ठोकलीत तर उतरतो.

फुंकताना हवा वाजते. पाणी वाढलं की हवेची जागा कमी होते आणि स्वर वर जातो. बाटलीतली हवा एक चतुर्थांश उरली की स्वर साधारण सप्तकभर चढतो. इथे पाण्याची उंची नव्हे, हवेचं आकारमान मोजायचं. ठोकताना काच वाजते, पाण्याचं ओझं तिला जड करतं, म्हणून स्वर खाली येतो. जलतरंगाचे कटोरे असेच लावतात. ओल्या बोटाने काठ घासून वाजवायच्या पेल्यालाही हेच लागू, मात्र तिथे सुरुवातीच्या पाण्याने फारसा फरक पडत नाही, कारण पेला काठाशी जास्त हलतो आणि बुडाशी कमी. वर वर जाल तसा एकेक चमचाही जाणवतो. बोट आणि काठ दोन्ही स्वच्छ धुतलेले हवेत. तेलकट हाताने पेला गप्पच बसतो.

बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ साली पेल्यांमधलं पाणीच काढून टाकलं. वेगवेगळ्या मापाचे काचेचे वाडगे एका आडव्या दांड्यावर ओवले, पायाने दांडा फिरवायचा आणि ओली बोटं टेकवायची. मोत्झार्टनेही या वाद्यासाठी रचना केल्या.

स्ट्रॉची पिपाणी वाजतच नाही. काय चुकतंय?

बहुधा टोक नीट चपटं झालेलं नाही. प्लास्टिकच्या स्ट्रॉचं टोक दाताने किंवा नखाने दोन सेंटिमीटरपर्यंत चांगलं चेपा, मग दोन्ही कोपरे तिरके कापून बाणाचं टोक करा. या झाल्या दोन पत्त्या, सनईत असतात तशा. त्या पूर्ण तोंडात घ्या. ओठ पत्त्यांच्या मागे, कापलेल्या भागाच्या जरा पुढे टेकले पाहिजेत. हलकं दाबून जोरात फुंका. आवाज नाही आला तर ओठ पुढे-मागे सरकवा. कडक स्ट्रॉ असेल तर पत्त्या आणखी चेपाव्या लागतात. कागदी स्ट्रॉ दोन मिनिटांत भिजून बसते, तिच्या नादी लागू नका.

एकदा वाजली की वाजवता वाजवताच दुसऱ्या टोकाकडून कात्रीने तुकडे कापत जा. प्रत्येक कापाला स्वर चढतो आणि बघणारे हसून लोळतात.

डब्याचं एकतारी वाद्य करायचंय. तार कोणती, डबा कोणता?

आधी ताणाचा विचार करा. ०.४ मिलिमीटर जाडीची पोलादी तार ६० सेंटिमीटर लांबीवर १९६ हर्ट्झला, म्हणजे पांढरी एकच्या मंद्र पंचमाला, लावली तर तिच्यावर साडेपाच किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. पत्र्याच्या डब्याला तार थेट बांधली तर डबा चेपतो, तार उतरते, पुन्हा पिळा, पुन्हा चेपतो. म्हणून ताण काठीने घ्यायचा. काठी डब्याच्या आरपार घाला, तारेचं एक टोक काठीच्या शेपटाला, दुसरं वरच्या खुंटीला. डब्याच्या वाट्याला फक्त घोडीचा, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या तुकड्याचा, दाब येऊ द्या.

तार म्हणून गिटारची तार उत्तम, सायकलच्या ब्रेकच्या वायरीतला एक पीळ चालतो, गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा तर फारच गोड बोलतो आणि तुटला तरी डोळ्याला धोका कमी. रबरबँड नको. तो ताणला की लांबही होतो आणि बारीकही, त्यामुळे स्वर हवा तसा चढत नाही आणि आवाजही फुसका.

घोडी ही या वाद्याची जान. तारेची थरथर ती डब्यापर्यंत पोचवते. घोडी मऊ असेल तर थरथर वाटेतच जिरते, म्हणून खोडरबर किंवा थर्माकोल नको, कडक लाकूड, हाड किंवा बोल्ट घ्या. ती झाकणाच्या अगदी मध्यावर किंवा अगदी काठाशी न ठेवता मधल्या कुठल्या जागी ठेवून सरकवत ऐका. एका जागी डबा एकदम घुमायला लागतो. घोडीचा माथा किंचित सपाट ठेवून त्यावर दोऱ्याचा एक धागा सरकवला तर तंबोऱ्यासारखी जवारी, म्हणजे तो झणझणता नादही, निघते. त्यात तासन्‌तास जातात, आधीच सांगून ठेवतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय मुलं घराच्या भिंतीला एकच तार ठोकून, खाली बाटली किंवा ठोकळा सरकवून आणि दुसऱ्या बाटलीने तार दाबून सूर काढत. ब्लूज या तिथल्या संगीताचे कितीतरी गिटारवादक असल्या तारेवरच शिकले. भिंत हाच त्यांचा भोपळा.

पडदे, म्हणजे तार दाबायच्या आडव्या पट्ट्या, कुठे बसवायच्या?

घोडीपासून वरच्या अटीपर्यंत, म्हणजे खुंटीजवळच्या टेकूपर्यंत, मोकळी तार ६० सेंटिमीटर असेल तर घोडीपासून मोजून: रे ५३.३, ग ४८, म ४५, प ४०, ध ३६, नी ३२ आणि वरचा सा ३०. हे शुद्ध, नैसर्गिक स्वर. गिटारसारखे समान अंतराचे बारा स्वर हवे असतील तर उरलेली लांबी दरवेळी १७.८१७ ने भागा, तेवढं पुढे सरका आणि पडदा मारा. तार पडद्यापासून फार उंच असेल तर दाबताना ती ताणली जाऊन प्रत्येक स्वर चढा लागतो. त्यावर उपाय घोडीची उंची कमी करणं हाच, पडदे हलवणं नव्हे. पहिल्या वाद्याला पडदे न लावता बाटली किंवा पाइपाचा तुकडा सरकवून वाजवावं, हे माझं प्रामाणिक मत. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, फुकटात मिळते.

चामडं नसेल तर ढोल कशाने मढवू?

पॅकिंगची चिकटपट्टी. बादलीच्या किंवा मोठ्या नळकांड्याच्या तोंडावर एकामागून एक पट्ट्या चांदणीसारख्या ओढून लावा, सगळ्या मध्यात एकमेकींना छेदतील अशा. मग वरून आणखी दोन थर, वेगळ्या कोनात. प्रत्येक पट्टी लावताना मनापासून ओढा, कारण नंतर ताणायची सोय नाही. छोट्या डब्याला फुग्याचं रबर चालतं. कापलेला जाड फुगा दोघांनी मिळून ताणावा, एकाने धरावं आणि दुसऱ्याने दोरी गुंडाळावी.

अशा ढोलात ठाम सूर शोधू नका. एकसारख्या जाडीच्या ताणलेल्या पापुद्र्यातून मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे स्वर एकदम निघतात. तबल्याच्या पुडीवरची शाई नेमकं हेच दुरुस्त करते: मधला भाग जड होतो आणि स्वर सरळ पटींमध्ये येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली या गोष्टीवर लिहिलं होतं. चिकटपट्टीच्या ढोलावर मधोमध कणकेचा किंवा मातीचा चपटा गोळा दाबून बघा. तबला होणार नाही, पण ‘ढब’चा ‘धूम’ झालेला ऐकू येईल.

उलटी प्लास्टिकची बादली वाजवायची तर तिला काही मढवायला नको. एक काठ पायाने उचलून धरा, खालून आवाज बाहेर पडतो.

मोबाइलवरचं ट्यूनर अॅप भलताच स्वर का दाखवतं?

पट्ट्या, पेले, घंटा यांच्यात मूळ स्वराखेरीज जे बेसूर स्वर असतात, त्यातलाच एखादा जोरदार स्वर अॅप पकडतं. मऊ टिपरू, म्हणजे ठोकायची काडी, वापरा, कारण कडक टिपरूने वरचे स्वर जास्त उठतात. ठोका मारल्यावर क्षणभर थांबून मग आकडा बघा. वरचे स्वर लवकर विरतात, मूळ स्वराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, टिकते. त्याहून बरं, तंबोरा लावा आणि कानाने जुळवा. दोन स्वर जवळ आले की आवाजात ‘वाँव-वाँव’ अशी लाट येते. लाट संथ होत होत थांबली की स्वर मिळाला.

टिपरं कशाची करू?

बांबूची काडी आणि टोकाला रबरी चेंडू, मणी किंवा रबरबँडची गुंडाळी. लांब, खर्जातल्या पट्टीला मऊ आणि जड, छोट्या पट्टीला कडक आणि हलकं. वाद्याबद्दल निराश होण्याआधी टिपरू बदलून बघा.

आवाज लहान येतो. माइक कसा लावू?

पिझो नावाची पितळी चकती मिळते, साधारण २७ मिलिमीटरची, अलार्म आणि खेळण्यांमधल्या बझरमध्येही तीच असते. तिला दोन वायरी डाखून वाद्याच्या अंगाला चिकटवली की अंगाची थरथर थेट विजेत बदलते. चिकटवायला पातळ दुहेरी टेप किंवा गोंद घ्या, जाड फोमचा टेप घेतला तर आवाज त्यातच मुरतो. वायर शील्ड असलेली हवी, नाहीतर गुणगुण येते. आणि ज्या अॅम्प्लिफायरचा इनपुट गिटारसाठी असतो त्यालाच जोडा. साध्या इनपुटला जोडलं की खालचे स्वर गायब होऊन नुसता पत्रा वाजतो. बॅटरीवर चालणारा अॅम्प वापरलेला बरा. घरच्या विजेच्या कुठल्याही उघड्या उपकरणाशी खेळ नको.

गंमत अशी, की पिझो लावला की जवळजवळ न ऐकू येणाऱ्या वस्तूही वाद्य होतात. कंगव्याचे दात, स्प्रिंग, जाळीचं बास्केट. सायकलच्या स्पोकचे छोटे तुकडे लाकडी फळीवर दाबून बसवले की अंगठ्याने वाजवायचं वाद्य तयार होतं, आफ्रिकेतल्या म्बिराच्या जातीचं. तिथे एक टोक आवळलेलंच असतं, आणि ते अगदी घट्ट आवळलेलं हवं. स्पोक ढिला राहिला तर तो नुसता खरखरतो. पुढे-मागे सरकवून स्वर लावायचा.

कुठल्या वस्तू वापरू नयेत?

इथे थट्टा नाही. कीटकनाशक, रंग, ऑइल किंवा कुठलंही रसायन ठेवलेला डबा वा पाइप तोंडाला लावू नये, कितीही धुतला तरी. ट्यूबलाइटच्या नळ्या नकोत, आत पारा असतो. स्प्रेचे डबे, रिकामे असले तरी, कापू नयेत. गॅसच्या टाकीच्या पत्र्यात जिभेसारख्या पट्ट्या कापून ड्रम करायची कल्पना २००७ पासून खूप पसरली, पण वापरलेल्या टाकीत उरलेला गॅस ठिणगीने पेटतो. कधीही न भरलेली कोरी टाकी मिळत असेल तरच तिकडे वळा. पीव्हीसी पाइप उघड्या आचेवर वाकवू नका, जळला तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. जस्त चढवलेला पाइप तापवला किंवा वेल्ड केला तरी धूर घातक. कापताना डोळ्यांना चष्मा, भुसा उडताना नाकाला मास्क, आणि पत्र्याची प्रत्येक कड कानशीने मारून घ्यायची. फुंकीचं वाद्य एकमेकांना देताना धुऊन द्या.

लहान मुलांबरोबर काय करता येईल?

स्ट्रॉची पिपाणी, बाटल्या, चिकटपट्टीचा ढोल. कापायचं काम मोठ्यांनी, लावायचं आणि सजवायचं मुलांनी. बाटलीवर रंगीत खुणा करून कुठपर्यंत पाणी भरायचं ते दाखवलं की चार मुलं मिळून एक धून वाजवतात, प्रत्येकाकडे एकेक स्वर. फुग्याचे तुकडे आणि मणी अगदी लहानांच्या हाती नकोत.

असली वाद्यं कुणी गंभीरपणे वाजवतं का?

त्रिनिदादमध्ये एकोणिसाव्या शतकात वसाहतीच्या सरकारने कातड्याच्या ढोलांवर बंधनं आणली. लोक बांबू आपटून ताल धरू लागले, १९३० च्या दशकात डबे आणि धातूचे पिंप आले. पत्रा ठोकून ठोकून आत गेला की त्या जागेचा स्वर बदलतो, हे कुणाच्या तरी कानाला लागलं आणि सुमारे २०० लिटरच्या तेलाच्या पिंपाचं स्टील पॅन झालं. आज ते त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे. पेरूमध्ये गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी मालाच्या खोक्यांवर ताल धरला. त्यातून कहोन आलं, जे आता जगभरच्या मंचांवर दिसतं. ही दोन्ही वाद्यं कशाची नक्कल म्हणून जन्मली नाहीत. पिंपाने पिंपासारखंच वाजायचं ठरवलं, म्हणून ते टिकलं.

नक्कल करूनही थोर काम होतं, हेही खरं. पॅराग्वेतल्या कातेउरा या कचरा डेपोशेजारच्या वस्तीत फावियो चावेस यांनी मुलांना संगीत शिकवायला घेतलं, आणि वाद्यं कमी पडली तेव्हा कचऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यांची व्हायोलिनं आणि पाइपांची सॅक्सोफोनं झाली. त्या मुलांचा वाद्यवृंद देशोदेशी वाजवून आला.

आणि हॅरी पार्च. या अमेरिकी संगीतकाराला बारा स्वर पुरेनात, त्याने सप्तकाचे त्रेचाळीस केले. ते वाजवायला वाद्यंच नव्हती, म्हणून स्वतः बनवली. त्यातलं एक म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या काचेच्या बरण्या कापून, लाकडी चौकटीवर टांगलेले वाडगे. टांगलेले, हे पुन्हा बघा.

थंडी-उन्हाने स्वर बदलतो का?

फुंकीच्या वाद्यात बदलतो. तापमान दहा अंश वाढलं की पाइपाचा स्वर एका अर्धस्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका चढतो. सगळे पाइप एकत्रच चढतात, त्यामुळे एकट्याने वाजवताना कळतही नाही. धातूच्या पट्टीबरोबर वाजवायला बसलात की मात्र लगेच खटकतं. म्हणून पाइपाची बुचं सरकती ठेवा.

ही वाद्यं टिकतात किती?

व्हिएन्नात १९९८ पासून भाज्यांची वाद्यं वाजवणारा एक वाद्यवृंद आहे: गाजराच्या बासऱ्या, भोपळ्याचे ढोल. ती प्रत्येक कार्यक्रमाला नव्याने कोरावी लागतात, कारण गाजर सुकलं की स्वर जातो. फुग्याचं रबर काही आठवड्यांत चिरतं, चिकटपट्टी सैल पडते, नायलॉन सुरुवातीचे दिवस सारखा उतरत राहतो आणि मग स्थिरावतो. लाकडी पट्ट्या ओलाव्याने किंचित खाली येतात, वाळल्या की परत वर जातात. धातूच्या पट्टीला काही होत नाही, तिच्या खालची दोरी आणि फोम आधी कुजतात. पट्ट्यांची आस अचानक कमी झाली तर पट्टी घासायला घेऊ नका. फोम दाबला जाऊन कडक झालाय का ते बघा आणि नवा घाला.